मल्लांच्या याद्या

“याद्या आल्या !” अशी आरोळी ठोकीत घरांतला महाविद्यालयांत शिकणारा मुलगा रात्रीं साडेनवाच्या सुमारास माजघरांत आला, तेव्हां देवापुढें वाती वळीत बसलेल्या आजीबाईंनीं चष्मा वर करून सहजच विचारलें, “कोणाच्या रे याद्या ? आणि मुहूर्त कधींचा ?” आपल्या घरांतून ‘याद्या’ या शब्दाचा एकच अर्थ पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. दोन्ही पक्षांनीं बसून देण्याघेण्याचें ठरवावें, कागदाला कुंकू लावावें आणि पेढे वांटावे. नातवानें हांसत हांसत हातांतला फोन पुढें केला. त्यावर जपानी धाटणीचीं दहाबारा चित्रें होतीं. कोणाचे केंस ज्वालेसारखे उभे, कोणाच्या हातांत स्वतःहून मोठी तलवार. “आजी, लग्नाच्या नव्हेत ग, लढाईच्या. नवा खेळ यायचा आहे, त्यांत कोण कोण लढणार त्यांचीं नांवें आज जाहीर झालीं.” आजीबाईंनीं तीं चित्रें निरखून पाहिलीं आणि म्हणाल्या, “मग तेंच तें. जोड्याच लावायच्या ना ?”

धरमपेठेंतील एका परिचित घरीं आम्ही पाहुणे म्हणून बसलों असतां घडलेला हा प्रसंग आहे. असे प्रसंग आज अनेक सुशिक्षित घरांत घडत असतील. वडील मंडळींचा त्यावरचा अभिप्राय बहुधा दोन प्रकारचा असतो. एक तर ‘पोरखेळ आहे’ म्हणून दुर्लक्ष, नाहीं तर ‘व्यसन आहे’ म्हणून संताप. दोहोंतही एक गोष्ट राहून जाते. ती म्हणजे त्या वस्तूची ओळख करून घेणें. ज्या गोष्टीवर रागवावयाचें तिची निदान माहिती तरी असावी, अशा विचारानें आम्हीं या विषयांत थोडें डोकावून पाहिलें. त्यांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

खेळ आहे तरी कसा ?

जपानांत तयार होणाऱ्या चित्रमय चलत्पटांस ‘ॲनिमे’ म्हणतात. त्या कथांतील वीर घेऊन, किंवा त्याच शैलीनें नवे वीर निर्माण करून, दोघांनीं समोरासमोर लढावयाचा जो खेळ रचतात, तो ‘फायटिंग गेम’. पडद्यावर डावीकडे एक मल्ल, उजवीकडे दुसरा. माथ्यावर दोघांच्या प्राणशक्तीच्या दोन पट्ट्या आणि मध्यें घड्याळ. ज्याची पट्टी आधीं रिकामी झाली तो हरला. मूळ नियम एवढाच. पण बुद्धिबळाचे नियमही एका पानांत मावतात, आणि त्यांतून निघालेलें शास्त्र ग्रंथालयांत मावत नाहीं. तसेंच येथें आहे. प्रतिपक्षाचा प्रहार आडवितां येतो. जो नुसताच आडवून बसतो, त्याला धरून आपटतां येतें. जो धरावयास पुढें येतो, त्याला तो पोंचण्यापूर्वींच प्रहार करून थांबवितां येतें. या तीन गोष्टींच्या फेऱ्यांतून सर्व डाव-प्रतिडाव उद्भवतात. समोरचा आतां काय करील, आणि आपण काय करूं असें त्याला वाटत असेल, हें ओळखणें हीच या खेळाची खरी विद्या. बोटांचें काम त्यानंतरचें.

या प्रकाराला जगभर प्रतिष्ठा मिळाली ती जपानांतील कॅपकॉम कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर दोन’ या खेळामुळें. तो इ. स. १९९१ सालीं निघाला. त्यांत निवडतां येतील असे मल्ल अवघे आठ होते, आणि त्या आठांत एक आपला देशबांधव होता. त्याचें नांव धालसिम. गळ्यांत कवट्यांची माळ, तोंडांतून अग्नि, आणि योगबळानें हातभर लांब होणारे हातपाय ! योगशास्त्राची ही कल्पना पाहून पतंजलींनीं काय म्हटलें असतें हें सांगवत नाहीं. पण त्या काळीं गांवोगांवच्या व्हिडिओ पार्लरांत नाणें टाकून खेळणाऱ्या आपल्या मुलांना ‘यादींत आपला एक आहे’ याचा आनंदच झाला. यादीचें महत्त्व प्रथम कळतें तें असें.

मारुतीचें दूरचें नातें

या विषयांतील उत्कंठेचें स्वरूप समजण्यास एक उदाहरण पुरेसें आहे. अकिरा तोरियामा या जपानी चित्रकारानें इ. स. १९८४ च्या अखेरीस एका साप्ताहिकांत ‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रकथा सुरू केली व ती १९९५ पर्यंत चालविली. मार्च २०२४ मध्यें हा चित्रकार निवर्तला, तेव्हां त्याच्या वाचकांनीं जगभर शोक केला. त्याचा नायक गोकू. ढगावर बसून उडणें, वाटेल तेवढी लांब होणारी काठी आणि वानराचें शेपूट, हीं लहानग्या गोकूचीं लक्षणें तोरियामानें ‘पश्चिमेची यात्रा’ या सोळाव्या शतकांतील चिनी कादंबरींतून घेतलीं. तींतला वानरवीर सुन वूकाँग. त्याच्याच नांवाचा जपानी उच्चार सोन गोकू. ही कादंबरी ज्या यात्रेवर रचली आहे ती यात्रा म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून सर्वांस माहीत असलेल्या ह्युएन त्संगाची, जो सातव्या शतकांत धर्मग्रंथ नेण्यासाठीं हिंदुस्थानांत आला आणि महाराष्ट्राविषयींही लिहून ठेवून गेला.

आतां खरी मौज पुढें आहे. हा चिनी वानरवीर मूळचा कोठला, यावर चीनमधील पंडितांतच वाद झाला. हू शी या विद्वानानें इ. स. १९२३ मध्यें असें मत मांडलें कीं, याचें मूळ रामायणांतील हनुमंतांत असावें; लू शुन यांस तें मान्य नव्हतें, ते तो चिनी दंतकथेंतलाच मानीत. वादाचा निर्णय आपण करावयास नको. पण ज्या आपल्या प्रत्येक तालमींत शेंदूर लावलेला मारुति असतो, त्या मारुतीचा एखादा दूरचा भाऊबंद जपानांतल्या खेळांत पहिल्या नांवाचा मल्ल होऊन बसला असण्याचा संभव आहे, ही गोष्ट आम्हीं त्या आजीबाईंस सांगितली, तेव्हां त्यांनीं फोन पुन्हां मागून घेतला. “दाखव रे तो मघांचा,” त्या म्हणाल्या.

या शतकाच्या आरंभीं कार्टून नेटवर्क वाहिनीनें गोकूची गोष्ट हिंदी बोलींतून आपल्याकडे आणली. शाळेंतून येऊन दप्तर फेंकून दूरदर्शनपुढें बसणारीं तेव्हांचीं मुलें आज तिशीपस्तिशीचीं आहेत. त्यांतलीं कांहीं स्वतः आईबाप झालीं आहेत. जून २०१७ मध्यें या कथेवर ‘ड्रॅगन बॉल फायटर्झ’ नांवाचा नवा लढाईचा खेळ येणार असें जाहीर झालें, तेव्हां जी खळबळ उडाली ती केवळ मुलांची नव्हती, ती या कारणानें.

नांवें एकेक करून

पहिल्या दिवशीं केवळ सहा मल्ल दाखविले गेले: गोकू, व्हेजीटा, गोहान, फ्रीझा, सेल आणि माजिन बू. त्यानंतर सहासात महिने कधीं एक, कधीं दोन अशीं नांवें जपानांतील मासिकांतून व चित्रफितींतून बाहेर येत राहिलीं. २६ जानेवारी २०१८ रोजीं पाश्चात्त्य देशांत खेळ विक्रीस आला, तेव्हां यादी चोविसांची झाली होती. प्रत्येकानें त्यांतले तीन निवडून आपला संघ करावयाचा, अशी त्याची रचना. अठरा वर्षांच्या मुलापासून चाळीस वर्षांच्या गृहस्थापर्यंत हजारों लोक त्या सहासात महिन्यांत रोज यादींतल्या रिकाम्या जागा मोजीत होते. आपला आवडता येणार कीं नाहीं ? आला तर त्याचा प्रसिद्ध डाव जसाच्या तसा ठेवतील कीं बदलतील ?

आम्हांस सर्वांत गंमत वाटली ती यामचा या पात्राची. मूळ कथेंत तो सदा हरणारा. एका प्रसंगीं एका क्षुद्र शत्रूच्या हातून तो असा कांहीं मरून पडतो कीं, त्याचें तें चित्र चाहत्यांत थट्टेचा विषय होऊन राहिलें आहे. असा हा यामचा यादींत आला, तेव्हां त्याचें जें स्वागत झालें तें कित्येक विजयी वीरांच्या वांट्यास आलें नाहीं. कथेंत जो हरला, तो खेळांत आपल्या हातून जिंकूं शकेल, हें त्या आनंदाचें मर्म आहे. वाचणारा कर्णाबद्दल हळहळतो. पण त्याच्या रथाचें चाक वर काढणें त्याच्या हातीं नसतें. या खेळांत तें चाक वर काढण्याची सोय आहे.

ही उत्कंठा अगदींच परकी आहे असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्या वऱ्हाड-नागपुराकडे आमदंगल भरावयाची असली म्हणजे आधीं आठ दिवस कोणाची जोड कोणाशीं यावरच कट्ट्यावर वाद रंगत. अमुक वस्तादाचा चेला उतरणार का, तमुक पहिलवानाचा गुडघा बरा झाला का, शेवटची कुस्ती निकाली होईल कीं बरोबरींत सुटेल, याची चर्चा कुस्तीपेक्षां लांबत असे. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इ. स. १९१४ पासून शरीरविद्येची सेवा करीत आलें. त्याच्या चमूनें १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळीं आपले देशी खेळ करून दाखविले. तेव्हां मल्लविद्येचें वेड या प्रांताला नवें नाहीं. फरक हा कीं, आखाड्यांत उतरणाऱ्याला स्वतःचें शरीर घडवावें लागे. येथें अंगठा आणि बुद्धि यांचाच व्यायाम होतो. हा फरक लहान नाहीं, आणि तो कोणी झांकूं नये.

चित्रकाराची करामत

या खेळाचे कर्ते योकोहामा येथील आर्क सिस्टीम वर्क्स या संस्थेंतले. ही संस्था इ. स. १९८८ सालीं स्थापन झाली व १९९८ सालच्या ‘गिल्टी गिअर’ या खेळापासून नांवारूपास आली. त्यांच्या कारागिरीचा विशेष असा कीं, पडद्यावर दिसणारा मल्ल हातानें रंगविलेल्या सपाट चित्रासारखा दिसतो. पण वस्तुतः तो संगणकांत घडविलेला, सर्व बाजूंनीं फिरवितां येणारा पुतळा असतो. पुतळ्यावर प्रकाश पडला म्हणजे सावल्या आपोआप पडतात, आणि तेथेंच चित्राचा भास मोडतो. म्हणून हे लोक प्रत्येक पात्राचा प्रकाश निराळा ठेवतात आणि सावली कोठें पडावी हें हातानें ठरवितात. तसेंच संगणकाला दोन मुद्रांमधली हालचाल हवी तितकी गुळगुळीत करतां येत असूनही ते ती करीत नाहींत. एकेक मुद्रा क्षणभर धरून ठेवून दुसरीवर उडी घेतात, कारण हातानें काढलेलीं चित्रें तशींच चालत असत. यंत्राच्या अंगीं असलेला सफाईपणा मुद्दाम दडवून मनुष्याच्या हाताची खूण राखण्याची ही खटपट पाहून आम्हांस कौतुक वाटलें.

हीच संस्था जून २०२५ मध्यें पुन्हां लोकांच्या चर्चेंत आली. कारण मार्व्हल कथांतील अमेरिकन वीरांस जपानी वेष चढवून ‘मार्व्हल तोकोन : फायटिंग सोल्स’ नांवाचा, चौघांविरुद्ध चौघांचा खेळ तिनें जाहीर केला. त्याची पहिली मर्यादित चांचणी त्याच वर्षीं सप्टेंबरांत झाली. पुन्हां तेंच सुरू: कोण येणार, कोण राहणार, आणि चांचणीचें बोलावणें कोणाला मिळणार ?

चांचणीची रात्र

या चांचणीला ‘बीटा’ म्हणतात. ग्रीक वर्णमालेंतील पहिलें अक्षर अल्फा, दुसरें बीटा. घरच्या लोकांनीं केलेली परीक्षा ती पहिली; बाहेरच्यांच्या हातीं देऊन केलेली ती दुसरी. पानावर वाढण्यापूर्वीं आमटीची चव पाहावयास दुसऱ्या कोणास तरी देतात, तसाच हा प्रकार. मात्र येथें चव पाहणारे लाखों असतात, आणि तेही दोनतीन दिवसांपुरते. या गर्दीचाच उपयोग असतो. ‘फायटर्झ’ची खुली चांचणी जानेवारी २०१८ च्या मध्यावर झाली, तेव्हां लोटलेल्या गर्दीपुढें व्यवस्था कोलमडली, कर्त्यांनीं क्षमा मागितली आणि चांचणीची मुदत वाढवून दिली. ‘गिल्टी गिअर स्ट्राइव्ह’ या पुढच्या खेळाची खुली चांचणी फेब्रुवारी २०२१ मध्यें झाल्यावर लोकांनीं इतक्या सूचना केल्या कीं, ९ एप्रिलला निघावयाचा खेळ त्यांनीं ११ जूनवर ढकलला. ग्राहकाच्या अभिप्रायासाठीं दोन महिने थांबणारा व्यापारी विरळा.

आमच्या परिचिताच्या घरीं अशाच एका खेळाची चांचणी ज्या रात्रीं होती, त्या रात्रीं आम्ही मुद्दाम जाऊन बसलों. खेळाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कॅलिफोर्नियांत सकाळ होते तेव्हां आपल्याकडे रात्र झालेली असते. त्यामुळें दार उघडावयास जेवणाची वेळ टळली होती. मुलानें दहा वाजतां पहिली लढत घेतली आणि दोन मिनिटांत हरला. दुसरी हरला. तिसरींत त्याचा मल्ल हात उचलीत होता, पण उचललेला हात पडद्यावर उशीरा दिसे. समोरचा खेळाडू जपानांतला होता. “काका, मी दाबलं होतं हो ! पोंचलंच नाहीं !” असें तो म्हणाला, तेव्हां त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी उभें राहिलें होतें. हरल्याचें दुःख त्याला नव्हतें. वेळेवर केलेलें काम वेळेवर झालें असें कोणी मानीत नाहीं, याचें तें दुःख होतें.

त्याचें म्हणणें खरें आहे कीं नाहीं, तें आम्हीं गणितानें पाहिलें. पडद्यावर एका सेकंदांत साठ चित्रें येतात. म्हणजे एका चित्राचा काळ सेकंदाचा साठावा भाग. उत्तम खेळाडू तीनचार चित्रांच्या अवकाशांत घडणारे डाव मोजून ठेवतो. समुद्राखालून गेलेल्या कांचेच्या तारेंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. नागपुराहून मुंबई सरळ रेषेंत सुमारें सातशें किलोमीटर, सिंगापूर साडेतीन हजार, आणि टोकियो सहा हजार. टोकियोला जाऊन परत यावयाचें म्हणजे बारा हजार किलोमीटर. प्रकाशालाही त्यास सेकंदाचे साठ सहस्रांश लागतात, म्हणजे साडेतीन चित्रांहून अधिक काळ. तार सरळ जात नाहीं, वाटेंत अनेक ठिकाणीं थांबते, तेव्हां प्रत्यक्ष वेळ याहून बराच जास्त. मुंबईपर्यंतचा प्रवास मात्र अर्ध्या चित्रांत उरकतो. मुलाचें गाऱ्हाणें अक्षरशः खरें होतें.

आपल्या नागपुरांत झिरो माईलचा दगड आहे. इ. स. १९०७ ची त्याची खूण. वाळूच्या दगडाचा खांब आणि भोंवतीं चार घोडे. हिंदुस्थानचें मध्य म्हणून तो सर्वांस दाखविला जातो. अंतर मोजणाऱ्यांना या शहराचा मान होता. आज अंतर सेकंदाच्या सहस्रांशांत मोजतात, आणि त्या मोजणींत मध्यावरचें हें गांव एकदम टोंकास जाऊन बसतें. कारण त्या राज्याचे मैलाचे दगड जेथें खेळाचे संगणक ठेवले असतील तेथें असतात.

तबलजीचें धोरण

या अडचणीवर एक युक्ति निघालेली आहे, आणि तिचा इतिहास सांगण्यासारखा आहे. अमेरिकेंत ‘ईव्हो’ नांवाची या खेळांची मोठी जत्रा भरते. तिचें मूळ १९९६ सालच्या एका लहानशा स्पर्धेंत आहे. ती चालविणाऱ्यांपैकीं टोनी कॅनन या गृहस्थानें, दूर बसून खेळतांना होणारा त्रास पाहून, २००६ च्या सुमारास एक नवी पद्धति बसविली. जुन्या पद्धतींत समोरच्याची हालचाल कळेपर्यंत दोघांचाही खेळ थांबून राही. नव्या पद्धतींत संगणक थांबत नाहीं. समोरचा आतांपर्यंत जें करीत होता तेंच करीत राहील असें धरून तो पुढें चालतो. खरी बातमी निराळी आली तर क्षणार्धांत मागें जाऊन चूक दुरुस्त करतो. मैफलींतला तबलजी गवई समेवर येणारच असें धरून हात चालवीत असतो. गवयानें वेगळी वाट धरली तर तो पुढल्या मात्रेला सांवरून घेतो, आणि श्रोत्यांस त्याची जाणीवही होत नाहीं. तसेंच हें.

‘फायटर्झ’ निघाला तेव्हां त्यांत ही सोय नव्हती. लोकांनीं ती मागितली, पुन्हां पुन्हां मागितली, आणि खेळ निघाल्यावर सहा वर्षांनीं, २०२४ सालीं, ती मिळाली. आमच्या मतें या सर्व गडबडींतला मोलाचा धडा हाच आहे. चांचणी ही फुकटची मेजवानी नसून साक्ष देण्याची जागा आहे. किती लोक खेळले, कोठून खेळले, किती वेळ तार अडली, याची नोंद कर्त्यांकडे जाते. जनगणनेच्या दिवशीं जो घरीं नव्हता तो हिशेबांत येत नाहीं. नागपुराहून, वर्ध्याहून, अकोल्याहून कोणी खेळतच नाहीं असें त्यांच्या वहींत दिसलें, तर आपल्या जवळ संगणक ठेवण्याचा विचार त्यांनीं कां करावा ?

आणि यादींतलें आपलें स्थानही याच मार्गानें ठरावयाचें. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी या खेळांत हिंदी माणूस म्हटला कीं कवट्यांची माळ घातलेला धालसिमच प्रथम आठवतो. ज्या देशाचे खेळणारे दिसत नाहींत, त्या देशाचें चित्र दुसरे आपल्या समजुतीप्रमाणें काढतात. सुदैवानें खेळणारे आतां दिसूं लागले आहेत. चीनमधील हांगचौ येथें २०२३ सालीं भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ‘स्ट्रीट फायटर’ला प्रथमच पदकाच्या खेळाचा मान मिळाला, आणि त्यांत मयंक प्रजापति व अयन बिस्वास हे दोघे भारतातर्फे उतरले.

घरच्यांनीं काय करावें ?

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली पैशाची. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांविषयीं जो कायदा केला, त्यानें पैसे लावून खेळावयाच्या खेळांस बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला निराळी मान्यता दिली. तेव्हां लढाईचा खेळ आणि जुगार हे एक नव्हेत, हें आईबापांनीं ध्यानांत घ्यावें. तथापि खर्च येथेंही आहे. खेळ विकत घेतला म्हणजे यादी पूर्ण मिळाली असें नाहीं. नवे मल्ल पुढें वर्षानुवर्षें निराळ्या किंमतीस विकतात. ‘फायटर्झ’ची चोविसांची यादी अशी वाढत वाढत चाळिसांच्या वर गेली. तेव्हां वर्षाची रक्कम आधीं ठरवून द्यावी. दिवाळीच्या कपड्यांची ठरवितों तशी.

दुसरी गोष्ट झोंपेची. परदेशाच्या घड्याळावर चालणाऱ्या चांचणीसाठीं वर्षांतून दोन रात्री जागणें आणि रोज जागणें यांत गोकुळाष्टमीचें जागरण व निद्रानाश यांच्याएवढें अंतर आहे. एक साजरें करावें, दुसऱ्यावर उपचार करावा. तिसरी गोष्ट शरीराची. ज्या मल्लांच्या बाहूंचें मुलगा वर्णन करतो, त्या बाहूंचा थोडा अंश त्यालाही यावा म्हणून सकाळीं अंबाझरीच्या तलावापर्यंत चालत जावयास कोणाची हरकत नसावी.

चौथी गोष्ट आम्ही त्या घरीं शिकलों. मुलाच्या वडिलांनीं तिसऱ्या पराभवानंतर तार काढून टाकण्याची भाषा केली होती. आजीबाई मध्यें पडल्या. “हरतोय तोंवर खेळूं दे त्याला,” त्या म्हणाल्या, “जिंकायला लागला कीं मग ओरड. हरतांना उठवलेलं पोर पुन्हां कशालाच बसत नाहीं.” मुलगा मध्यरात्रीपर्यंत अकरा लढती खेळला आणि एक जिंकला. ती जिंकली तीही सदा हरणाऱ्या एका पात्राला घेऊन, असें त्यानें आम्हांस आवर्जून सांगितलें.

त्यानंतर जें झालें तें पाहावयास आम्ही थांबलों याचें आम्हांस समाधान आहे. चांचणीच्या शेवटीं एक प्रश्नावली आली. मुलानें ती घाईनें उडविली नाहीं. कोणता डाव किती चित्रांत लागला, कोणत्या वेळीं तार अडली, समोरचा कोणत्या देशाचा होता, हें त्यानें वहींत टिपून ठेवलें होतें. तें सर्व त्यानें सरळ, सभ्य आणि मुद्देसूद भाषेंत लिहिलें. शहराच्या रकान्यांत ‘नागपूर’ लिहून तो क्षणभर थांबला व म्हणाला, “काका, हे वाचतील का हो ?” वाचतीलच असें आम्हांस सांगवेना. पण न लिहिलेलें कोणीच वाचीत नाहीं, एवढें आम्हीं त्याला सांगितलें. त्यावर त्यानें आणखी दोन ओळी घातल्या आणि कागद पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशीं तो वेळेवर महाविद्यालयांत गेला, हेंही येथें नमूद केलें पाहिजे, आणि आजीबाईंनीं आम्हांस जातांना विचारलें, “त्या मारुतीच्या भाऊबंदाची पुढची यादी केव्हां आहे हो?” ज्या घरांतून अशी आरोळी ऐकूं येत असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं पुढच्या खेपेस एवढेंच करावें: रागवावयाच्या आधीं चार नांवें विचारावीं, आणि त्यांतला मुलाचा मल्ल कोणता, व तोच कां, हें त्याच्या तोंडून ऐकून घ्यावें. रागवावयास त्यानंतरही पुष्कळ वेळ असतो.